आधी अंथरूण, मग खिडकी: लहान कुटुंबानं क्रूझची केबिन कशी निवडावी

आमच्या पहिल्या क्रूझच्या पहिल्या रात्री साडेनऊ वाजले तरी तीन वर्षांचा मुलगा झोपणार कुठे, याचा आम्हाला पत्ता नव्हता. बुकिंग करून देणाऱ्यानं ‘चौघांची केबिन आहे, काळजी नको’ असं सांगितलं होतं. आम्हीही खिडकी आहे ना, एवढंच विचारून पैसे भरले होते. दुपारी केबिनमध्ये शिरलो तेव्हा दोन पलंग दिसले आणि वाटलं, मुलांच्या गाद्या खाली जमिनीवर घालतील. जेवून परत आलो तर भिंतीतून दोन बर्थ बाहेर आले होते. दोन्ही माझ्या डोक्याच्या उंचीवर, मध्ये एक शिडी. आठ वर्षांची मुलगी क्षणात वर चढली. धाकट्याला वर ठेवणं शक्यच नव्हतं. शेवटी माझा सहा फुटी नवरा वरच्या बर्थवर पाय दुमडून झोपला आणि मी रात्रभर एक हात मुलाच्या पोटावर ठेवून जागी राहिले, कारण खालचा पलंगही अरुंद होता.

त्यानंतरच्या प्रत्येक प्रवासाला मी उलट क्रमानं विचार करते. कोण कुठे झोपणार हे आधी, खिडकी आणि बाल्कनी नंतर. पहिल्यांदाच निघालेल्या तीन-चार जणांच्या कुटुंबासाठी तोच क्रम इथे मांडते आहे.

पायरी 1: रात्र कागदावर मांडा

वेबसाइट उघडण्याआधी एक कागद घ्या आणि घरातल्या प्रत्येकाची रात्र लिहून काढा. मूल झोपेत लोळतं का, पलंगावरून पडतं का? रात्री बाथरूमला कोण उठतं, किती वेळा? दुपारी कोण झोपतं? अंधारात कोण घाबरतं? घोरतं कोण? आजी बरोबर असेल तर तिच्या गुडघ्यांना खालचा पलंगही किती उंच चालेल?

हे सगळं आपल्याला पाठ असतं, पण बुकिंगच्या वेळी आठवत नाही. आमच्या कागदावर असं होतं: मुलगी वर झोपू शकते, मुलगा खालीच, भिंतीकडेला, नवऱ्याला लांब पलंग हवा, मी पहाटे उठते, तेव्हा दिवा न लावता बाथरूमपर्यंत जाता आलं पाहिजे. एवढ्या चार ओळींनी निम्म्याहून जास्त केबिन बाद झाल्या.

पायरी 2: ‘चौघांची केबिन’ म्हणजे नेमकं काय, ते विचारा

सगळ्यात जास्त फसगत इथेच होते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

जवळपास प्रत्येक केबिनमध्ये दोन सिंगल पलंग असतात आणि ते जोडून डबलबेड करता येतो. तिसरा आणि चौथा माणूस कुठे जाणार, हे केबिनगणिक बदलतं. आणि जाहिरातीतल्या फोटोत नेहमी दोघांसाठी सजवलेला डबलबेडच दिसतो.

पहिला प्रकार म्हणजे भिंतीतून किंवा छतातून खाली येणारा वरचा बर्थ. याला पुलमन बर्थ म्हणतात. अमेरिकेत रेल्वेचे झोपायचे डबे बनवणाऱ्या जॉर्ज पुलमन यांच्यावरून हे नाव पडलं. आपल्या स्लीपरच्या डब्यातला अपर बर्थ डोळ्यांसमोर आणा, फक्त गादी जास्त मऊ आणि कडेला छोटा कठडा. दिवसा तो बंद असतो, त्यामुळे खोलीत फिरायला जागा राहते. सहा वर्षांखालच्या मुलांना वर झोपवू नये, असं बऱ्याच कंपन्या सांगतात आणि ते बरोबरच आहे. जहाज हलत असताना, झोपेतून उठलेलं मूल अंधारात शिडी शोधतंय, हा विचारसुद्धा नको.

इथे एक बारकावा आहे. हे बर्थ बहुधा खालच्या पलंगांच्या बरोबर वर असतात. खालचे पलंग जोडून डबलबेड केला तर शिडी लावायला जागा उरत नाही किंवा उठताना डोकं आपटतं. काही केबिनमध्ये म्हणूनच वरचे बर्थ उघडले की खालचे पलंग वेगळेच ठेवावे लागतात. मुलाला दोघांच्या मध्ये झोपवायचा बेत असेल तर हे आधी विचारून घ्या.

दुसरा प्रकार सोफा-कम-बेड. तीन ते सहा वर्षांच्या मुलासाठी माझं मत यालाच. जमिनीपासून उंची कमी, पडलं तरी फारसं लागत नाही. पण ‘सोफा आहे’ आणि ‘सोफ्याचा पलंग होतो’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पलंग होत असला तरी तो एकाचा की दोघांचा हेही विचारायला हवं. दोघांचा उघडला की काही केबिनमध्ये पलंग आणि सोफा यांच्यात एक पाऊल टाकण्याइतकीच वाट राहते.

तिसरा प्रकार तान्ह्या बाळासाठी घडीचा पाळणा. बऱ्याच जहाजांवर तो पैसे न घेता देतात, मात्र संख्या मोजकी असते आणि मागणी बुकिंगच्या वेळीच नोंदवावी लागते. पाळणा मांडला की लहान केबिनमध्ये कपाटाचं दार उघडत नाही, असंही होतं. बाळाच्या वयाचीही अट असते. मोठ्या आंतरराष्ट्रीय कंपन्यांत साधारण सहा महिने पूर्ण लागतात आणि महासागर ओलांडणाऱ्या लांब सफरींना वर्ष पूर्ण लागतं. घरात कोणी गरोदर असेल तर प्रवास संपेपर्यंत 24वा आठवडा लागत नाही ना, तेही पाहा. बहुतेक ठिकाणी तीच मर्यादा आहे.

तेव्हा एजंटला ‘चौघं मावतात का’ असं विचारू नका, हो असंच उत्तर येईल. विचारा: तिसरा बर्थ कोणत्या प्रकारचा? चौथा कोणत्या? दोन्ही वर आहेत का? उत्तर केबिनच्या नंबरसकट लेखी मागा. व्हॉट्सअॅपवर आलं तरी चालेल.

पायरी 3: चौरस फूट समजून घ्या

वरळीच्या जुन्या बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची. सिंगापूरहून ज्यांच्या सफरी होतात त्या रॉयल कॅरिबियन कंपनीच्या क्वांटम वर्गातल्या जहाजांवर बिनखिडकीची साधी केबिन साधारण तेवढीच, 166 चौरस फुटांच्या आसपास, आणि त्यात बाथरूमही आलं. बाल्कनीची केबिन जेमतेम 200ला टेकते, बाल्कनी वेगळी.

मुंबईहून गोव्याला आणि लक्षद्वीपला जाणारं कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ हे जहाज फ्रान्समध्ये सेंट-नाझेरच्या गोदीत बांधलं गेलं आणि 1990 साली ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावानं सेवेत आलं. मूळ आखणी तीन-चार रात्रींच्या छोट्या सफरींसाठी. त्या काळी माणसं केबिनमध्ये फक्त झोपायला जातील असं धरून खोल्या बांधत, म्हणून त्याच्या साध्या केबिन वरच्या आकड्याहूनही लहान आहेत आणि बाल्कनीच्या मोजक्याच. यात कमीपणा काही नाही. दोन रात्रींच्या मुंबई-गोवा सफरीला ती जागा पुरते. पण चार जण, दोन मोठ्या बॅगा आणि एक बाबागाडी घेऊन जाणार असाल तर घरीच दहा बाय बाराचा चौकोन खडूनं आखून त्यात सगळ्यांनी उभं राहून पाहावं. मुलांना मजा वाटते आणि मोठ्यांना अंदाज येतो.

बॅगा शक्यतो मऊ कापडाच्या घ्या. त्या पलंगाखाली सरकतात. चौघांची केबिन राहण्यासारखी राहते ती पलंगाखालच्या जागेमुळे.

पायरी 4: डोकी मोजताना बाळही मोजा

‘मूल आमच्याच पलंगावर झोपेल, चौथा माणूस कशाला लावता?’ हा प्रश्न आपल्याकडचे लोक हमखास विचारतात. हॉटेलात हे चालतं, जहाजावर चालत नाही. केबिनमध्ये किती माणसं, हे पलंगांवरून तसंच जीवरक्षक नौकांमधल्या जागांवरून ठरतं. प्रत्येक केबिन एका ठराविक मस्टर स्टेशनला, म्हणजे संकटात जमायच्या जागेला जोडलेली असते. त्या जागेची क्षमता भरली की त्या भागातल्या केबिनमध्ये तिसरा-चौथा माणूस देता येत नाही, मग जहाजात कितीही खोल्या रिकाम्या असोत. सहा महिन्यांचं बाळही इथे एक पूर्ण माणूस असतं. म्हणून कुटुंबांनी बुकिंग लवकर करावं. चौघांच्या केबिन मुळात थोड्या आणि त्या आधी संपतात.

17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट काश्याच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. आमच्या आजोळी अलिबागकडे ती आठवण आजही दर आषाढ अमावास्येला निघते. त्यामुळे कोणी डोकी काटेकोरपणे मोजत असेल तर मला त्याचा राग येत नाही, आधार वाटतो. केबिनमध्ये पोचल्यावर पहिलं काम हेच करा: मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट आहेत का ते पाहा आणि नसतील तर लगेच मागून घ्या. काही जहाजांवर ती मस्टर स्टेशनवर ठेवलेली असतात. तसं असेल तर तिथे बघा.

पायरी 5: एक मोठी केबिन की दोन लहान?

मुलं सहाच्या पुढची असतील तर हा हिशेब नक्की करून पाहा. बहुतेक क्रूझमध्ये पहिले दोन प्रवासी पूर्ण भाडं देतात आणि त्याच केबिनमधल्या तिसऱ्या-चौथ्याला ते कमी पडतं. समजा बाल्कनीच्या केबिनला पहिल्या दोघांचे प्रत्येकी 30,000 आणि पुढच्या दोघांचे 15,000 लागले, तर झाले 90,000. दोन बिनखिडकीच्या केबिन प्रत्येकी 20,000नं चार माणसांच्या झाल्या 80,000. आकडे फक्त गणित समजण्यापुरते घेतले आहेत. तुमच्या तारखेला काय निघतं ते स्वतः मांडा. त्यात बंदराचे कर, जीएसटी आणि रोजची टिप माणशी धरा. टिप अनेक ठिकाणी मुलांनाही पूर्ण लागते.

दोन केबिनचा खरा फायदा दोन बाथरूमचा. सकाळी आठला बंदरावर उतरायचं असतं, तेव्हा चौघांना एक बाथरूम म्हणजे काय होतं ते मुंबईकरांना सांगायला नको. शिवाय मुलं झोपल्यावर मोठ्यांना दिवा लावून बसता येतं.

अशा वेळी ‘कनेक्टिंग’ केबिन मागा, म्हणजे मधल्या भिंतीत दार असलेल्या. ‘शेजारशेजारच्या’ म्हटलं की नुसत्या लागून असलेल्या मिळतात आणि मुलांकडे जायला बाहेरच्या गल्लीतून जावं लागतं. कागदोपत्री प्रत्येक केबिनमध्ये एक मोठं माणूस नोंदवावं लागतं, म्हणून बुकिंग आई आणि एक मूल, बाबा आणि दुसरं मूल असं होतं. आत गेल्यावर कोण कुठे झोपेल ते तुम्ही ठरवा.

आणि एकच केबिन घेत असाल तर मधल्या दाराची केबिन टाळा. त्या दारातून शेजारच्यांचा टीव्ही आणि आवाज थेट येतो.

मूल तीन वर्षांचं आहे? मग एकच केबिन. रात्री दोनला ते रडत उठलं तर मध्ये दार नको वाटतं.

पायरी 6: जहाजाच्या नकाशात ती केबिन कुठे आहे

प्रत्येक कंपनी डेक प्लॅन देते, म्हणजे मजल्यांचे नकाशे. त्यात तिसरा बर्थ, चौथा बर्थ, मधलं दार यांच्या खुणा असतात. आपल्या केबिनवर बोट ठेवा आणि बरोबर वरच्या व खालच्या मजल्यावर काय आहे ते पाहा. वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असतील तर उत्तम. वर स्विमिंग पूल असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. वर बुफे असेल तर ट्रॉल्यांचा. खाली थिएटर किंवा डान्स फ्लोअर असेल तर रात्री बारापर्यंत ढोलासारखे ठोके. अगदी पुढच्या टोकाला नांगराच्या साखळीचा खडखडाट ऐकू येतो, आणि तो पहाटे बंदरात शिरतानाच होतो, नेमकी मुलं गाढ झोपलेली असताना.

हलण्याचं म्हणाल तर बागेतली सी-सॉ आठवा. टोकं वरखाली होतात, मधला भाग जागेवर राहतो. म्हणून ज्यांना गाडी लागते त्यांच्यासाठी जहाजाच्या मध्यावरची आणि खालच्या मजल्यावरची केबिन. सगळ्यात वरचा मजला महाग असतो आणि सगळ्यात जास्त झुलतोही. अरबी समुद्र जून ते सप्टेंबर खवळलेला असतो. हिवाळ्यात तोच बराच शांत असतो, त्यामुळे मुंबईहून पहिलाच प्रवास असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी बघा. उलटीचं औषध मुलांच्या डॉक्टरांना विचारून आधीच घेऊन ठेवा, वजनाप्रमाणे मात्रा लिहून आणा.

लिफ्टपासून अंतरही पाहा. सगळ्यात मोठी जहाजं साडेतीनशे मीटरहूनही लांब असतात. झोपलेलं मूल खांद्यावर घेऊन जेवणघरापासून केबिनपर्यंत चालत जाताना ती लांबी कळते. लिफ्टपासून चार-पाच दारं सोडून पुढची केबिन मला बरी वाटते. अगदी समोरची घेतली तर रात्रभर गप्पा आणि घंटी.

पायरी 7: आता खिडकी

बिनखिडकीची केबिन दिवे घालवले की काळीकुट्ट होते. काही मुलं तिथे सकाळी नऊपर्यंत झोपतात, काही घाबरून उठतात. छोटा नाइट लॅम्प न्या. सॉकेट कोणत्या पद्धतीचं आहे ते आधी विचारा आणि एक अडॅप्टर ठेवा. एक्स्टेन्शन बोर्ड नेऊ नका, आगीच्या भीतीनं बऱ्याच जहाजांवर तो बॅगेतूनच काढून घेतात.

गोल किंवा चौकोनी बंद खिडकीची केबिन लहान मुलांसाठी मला सगळ्यात आवडते. उजेड येतो, समुद्र दिसतो आणि दार नसल्यानं जिवाला घोर नसतो. बुक करताना खिडकीसमोर लाइफबोट टांगलेली नाही ना, एवढं पाहा.

बाल्कनीचा उपयोग वेगळाच आहे. मूल नऊला झोपलं की आत अंधार करावा लागतो, आणि मग आईबाबांनी जायचं कुठे? बाल्कनीत. दार लोटून दोघांनी तिथे बसावं, मूल आत नजरेसमोर. त्या दोन तासांसाठी जास्तीचे पैसे द्यावेत की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. आम्ही दुसऱ्या वेळी दिले आणि मला ते वाया गेले असं वाटलं नाही. मात्र बाल्कनीच्या दाराची कडी मुलाच्या हाताला येते का ते पोचल्या पोचल्या तपासा. खुर्ची आणि टेबल कठड्यापासून लांब ओढून ठेवा, मूल एकटं बाहेर एक क्षणही नको. बाल्कनीचं आणि केबिनचं दार एकाच वेळी उघडू नका. वारा आरपार वाहतो आणि दार बोटांवर आपटतं.

मुंबईहून गोव्याला जाताना किनारा जहाजाच्या डाव्या हाताला असतो आणि येताना उजव्या. पण जहाज किनाऱ्यापासून दूर आणि बराचसा प्रवास रात्रीचा, म्हणून बाजूसाठी फार जीव टाकू नका. उघडा समुद्र आणि सूर्यास्त हवा असेल तर जाताना उजवी बाजू.

पायरी 8: ‘गॅरंटी’ केबिन कुटुंबानं घेऊ नये

सगळ्यात स्वस्त दर दिसतो तो पुष्कळदा गॅरंटीचा असतो. गॅरंटी फक्त प्रकाराची: खिडकी हवी तर खिडकी मिळेल. केबिन कोणती, कोणत्या मजल्यावर, बर्थ वर की सोफ्याचा, हे कंपनी नंतर ठरवते. जोडप्याला चालून जातं. आमची पहिली केबिन तशीच होती, हे मला परत आल्यावर कागद वाचताना कळलं. थोडे पैसे जास्त पडले तरी नंबर ठरलेली केबिन घ्या.

जहाजावर पोचल्यावर

सामान बंदरावरच काढून घेतात आणि ते केबिनच्या दाराशी यायला संध्याकाळ होऊ शकते. मुलाची झोपायची चादर, आवडतं खेळणं, औषधं, एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत ठेवा.

केबिन सांभाळणाऱ्या माणसाला पहिल्याच भेटीत नाव विचारा, नमस्कार करा आणि तुमच्या घराचा दिनक्रम सांगा. वरचे बर्थ आणि सोफ्याचा पलंग तो संध्याकाळी उघडतो आणि सकाळी बंद करतो. मूल दुपारी झोपत असेल तर एक पलंग उघडाच ठेवायला सांगा. जास्तीच्या दोन उशा मागा. एक मुलाच्या कडेला लावायला, एक भिंतीच्या फटीत कोंबायला. पलंग जोडले असतील तर मधल्या फटीवर जाड पांघरूण घालायला सांगा, नाहीतर लहान मूल बरोबर तिथेच रुतून बसतं.

बाथरूमच्या दाराला उंच उंबरा असतो, रात्री पायाची बोटं आपटतात. मुलांना दिवसाच दोनदा ओलांडायला लावा. बादली-मग नसतात, उभ्यानं शॉवर घ्यावा लागतो, म्हणून शॉवर हातात धरता येतो का ते बघा. आम्ही घरून प्लॅस्टिकचा एक मग नेतो. आणि फ्लश हवेनं ओढणारा असतो, त्याचा आवाज मोठा. मूल आत असताना झाकण लावूनच तो दाबा. आमचा मुलगा त्या आवाजाला घाबरून पूर्ण एक दिवस बाथरूमला जायला तयार नव्हता.

केबिनच्या भिंती बहुधा लोखंडी असतात. घरातले चार-पाच मजबूत चुंबकाचे हुक नेले तर टोप्या, ओले टॉवेल, केबिनची कार्डं सगळं भिंतीवर जातं आणि पलंग झोपायला मोकळे राहतात.

शेवटच्या रात्री बऱ्याच जहाजांवर मोठ्या बॅगा झोपण्याआधी दाराबाहेर ठेवायला सांगतात. त्या रातोरात खाली नेतात. बॅग बाहेर ठेवण्याआधी चौघांचे सकाळचे कपडे आणि चपला मोजून पलंगावर काढून ठेवा, मुलांचे आधी.